३७ नंबरची जर्सी

ॲडम गूड्सवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा अर्धवट सोडून उठले. एक तर खेळ असा, की आपल्याकडे तो कुणाला माहीत नाही. दुसरं म्हणजे या माणसाबद्दल लिहायला घेतलं की खेळ बाजूला राहतो आणि भलतंच काहीतरी पुढे येतं. पण आज लिहितेच.

घरच्या मंडळींसाठी आधीच सांगते, हा क्रिकेटपटू नाही. नाव ऐकलेलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. सिडनीत राहायला येईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. इथे 'फूटी' म्हणजे काय, यावरूनच भांडणं होतात. सिडनीकरांची फूटी म्हणजे रग्बी लीग, मेलबर्नकरांची फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. गूड्स हा दुसऱ्या जातीच्या फूटीतला.

खेळ थोडक्यात सांगते. मैदान क्रिकेटचंच, तेवढंच मोठं आणि लंबगोल. बाजूला अठरा-अठरा खेळाडू. चेंडू लिंबासारखा लांबट. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू नेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक गुण. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. चार क्वार्टर. माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकवून हवेत चढतात आणि चेंडू झेलतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दहीहंडी आठवली होती. :-)

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. मूळचे मेलबर्नचे. त्यांच्या वडिलांचा संघ साउथ मेलबर्न. पैशाच्या अडचणीमुळे तो संघच १९८२ मध्ये उचलून सिडनीत आणला गेला आणि त्याचा 'सिडनी स्वान्स' झाला. आजोबा नोकरीमुळे सिडनीत आले होते. ते म्हणतात, मी आलो तर मागोमाग संघही आला. मला हा खेळ समजावून सांगितला तो त्यांनी, कुंपणाच्या पलीकडून. गूड्स हे नावही पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

ॲडम गूड्सचा जन्म ८ जानेवारी १९८० चा, साउथ ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू या लहानशा बंदराच्या गावातला. वडील गोरे. आई ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. अद्न्यामाथाना आणि नारुंगा या दोन समाजांची. तो चार वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. आईने तीन मुलगे वाढवले, गावं बदलत बदलत. लहानपणी तो सॉकर खेळायचा. ही फूटी त्याच्या आयुष्यात आली ती व्हिक्टोरिया राज्यातल्या मर्बीन नावाच्या गावात राहायला गेल्यावर. पुढे हॉर्शम.

आईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ती 'स्टोलन जनरेशन्स'मधली. म्हणजे सरकारने घरातून उचलून नेलेल्या मुलांपैकी एक. विसाव्या शतकात कित्येक दशकं इथे हे धोरण होतं. ॲबोरिजिनल मुलांना, विशेषतः मिश्र रक्ताच्या मुलांना, आईवडिलांपासून तोडून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या घरांत ठेवायचं, म्हणजे ती 'सुधारतील'. भाषा गेली, नाती गेली. यावरचा सरकारी चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला. आणि त्याच १९९७ मध्ये सतरा वर्षांच्या ॲडमला सिडनी स्वान्सने निवडलं. त्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक त्रेचाळिसावा, म्हणजे त्याच्या आधी बेचाळीस पोरं उचलली गेली होती. जर्सी मिळाली ३७ नंबरची. मोठे खेळाडू लहान नंबर मागून घेतात, असं आजोबा सांगतात. ह्याने शेवटपर्यंत ३७ च ठेवला.

१९९९ मध्ये पहिला मोसम खेळला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. सहा फूट तीन इंच उंची, आणि तरी पळायला हलका. त्याला मधोमध उभं करा, पुढे उभं करा, उंच खेळाडूंच्या झटापटीत टाका, सगळीकडे चालायचा. २००३ मध्ये त्याला ब्राउनलो मेडल मिळालं. त्या वर्षी तिघांना समान मतं होती, नेथन बकली आणि मार्क रिचूटो हे दुसरे दोघं. २००६ मध्ये पुन्हा मिळालं, या वेळी एकट्याला.

हे ब्राउनलो मेडल काय आहे ते नीट ऐका, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. ते नुसतं उत्कृष्ट खेळाडूला मिळत नाही. 'बेस्ट अँड फेअरेस्ट' असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे सर्वात चांगला आणि सर्वात सचोटीने खेळणारा. मतं देतात ती मैदानावरचे अंपायर, प्रत्येक सामन्यानंतर. धसमुसळेपणाबद्दल त्या मोसमात बंदी आलेला खेळाडू बाद. हे मेडल गूड्सला दोनदा मिळालं.

२००५ मध्ये स्वान्सने अंतिम सामना वेस्ट कोस्टविरुद्ध फक्त चार गुणांनी जिंकला. साउथ मेलबर्नच्या १९३३ च्या विजेतेपदानंतर तब्बल ७२ वर्षांनी! आजोबांचे वडील ते बघायला नव्हते. आजोबा त्या रात्री अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसले होते, हे मी आमच्या खिडकीतून पाहिलंय. २०१२ मध्ये संघ पुन्हा जिंकला, हॉथॉर्नविरुद्ध दहा गुणांनी. तेव्हा गूड्सच्या गुडघ्याचा स्नायुबंध सामन्यातच फाटला होता. तो तसाच लंगडत खेळला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याने मोक्याचा गोल मारला.

एकूण ३७२ सामने. ४६४ गोल. दोन विजेतेपदं, दोन ब्राउनलो, चार वेळा देशाच्या सर्वोत्तम संघात निवड. इथे थांबले असते तर एका मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगून पूर्ण झाली असती. सोपी आणि छान.

पण थांबता येत नाही.

२४ मे २०१३. मेलबर्नचं एमसीजी मैदान, समोर कॉलिंगवूडचा संघ. फूटीत दर वर्षी एक फेरी मूळ रहिवाशांच्या सन्मानासाठी खेळली जाते, त्या फेरीतला हा सामना. सामना संपत आलेला, स्वान्स मोठ्या फरकाने जिंकत होते आणि गूड्स अप्रतिम खेळत होता. सीमारेषेजवळ असताना कुणीतरी त्याला 'एप' म्हटलं. एप, म्हणजे वानर. तो वळला, प्रेक्षकांत बोट दाखवलं आणि सुरक्षारक्षकांना म्हणाला, त्या व्यक्तीला बाहेर काढा. सामना पूर्ण न करताच तो आत निघून गेला.

ती व्यक्ती म्हणजे तेरा वर्षांची एक मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी गूड्स पत्रकारांसमोर आला. त्या मुलीला दोष देऊ नका, तिला आधाराची गरज आहे, अशा अर्थाचं तो बोलला. ती लहान आहे, असले शब्द ती जिथे वाढते तिथूनच तिच्याकडे येतात, हे त्याचं म्हणणं. आणि आपल्याला किती लागलं तेही त्याने लपवलं नाही. मुलीने त्याला फोन करून माफी मागितली, त्याने ती घेतली. हे प्रकरण इथेच संपायला हवं होतं.

तेव्हा माझी मुलगी बारा वर्षांची होती. मी ती पत्रकार परिषद बघत होते आणि माझ्या मनात दोन मुली होत्या. एक मैदानावरची, जिला रात्री पोलिसांसमोर बसावं लागलं. आणि एक माझी, जिचा रंग माझ्यासारखाच आहे आणि जिला शाळेच्या बसमध्ये कधीतरी कुणीतरी काहीतरी म्हणणारच होतं. आई म्हणून मला दोघींची काळजी वाटली. त्या माणसाला तिशी-पस्तिशीच्या वयात, ताज्या जखमेवर, त्या मुलीची काळजी वाटली याचं मला तेव्हापासून अप्रूप आहे.

काही दिवसांतच खुद्द कॉलिंगवूडच्या अध्यक्षांनी, एडी मॅग्वायर यांनी, रेडिओवर बोलताना किंग काँगच्या नाटकाच्या जाहिरातीसाठी गूड्सचं नाव सुचवलं. नंतर त्यांनी माफी मागितली. गंमत म्हणजे मुलीच्या प्रकारानंतर गूड्सला भेटून दिलगिरी व्यक्त करणारे हेच गृहस्थ.

आता इथे एक क्षण आपल्याकडे वळू या.

मराठीत 'माकड' हा शब्द आपण किती सहज वापरतो! 'ए माकडा, खाली उतर' असं माझी आजी आम्हा सगळ्या नातवंडांना म्हणायची आणि त्यात मायाच असायची. म्हणून आपल्याकडच्या काही जणांना या प्रकरणात एवढं काय झालं ते कळत नाही. मला फोनवर तसं विचारलंही गेलं. पण शब्द कोण म्हणतो, कुणाला म्हणतो आणि त्याच्यामागे काय उभं आहे, यावर सगळं असतं. ॲबोरिजिनल माणसाला हा शब्द म्हटला की त्याच्यामागे शंभर-दीडशे वर्षांचं ते तथाकथित शास्त्र उभं राहतं, ज्याने ही पूर्ण माणसंच नव्हेत असं ठरवलं होतं. १९६७ च्या सार्वमतापर्यंत या देशाच्या घटनेत असं कलम होतं, की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरायचं नाही. म्हणजे गूड्सच्या जन्माच्या फक्त तेरा वर्षं आधीपर्यंत.

आणि आपण याबाबतीत फार भोळे आहोत असंही नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये अँड्र्यू सायमंड्स भारतात खेळायला आला होता. बडोद्याला आणि मग आपल्या मुंबईत, वानखेडेवर, प्रेक्षकांनी त्याला बघून माकडाचे आवाज काढले, हातवारे केले. सायमंड्सच्या आईवडिलांपैकी एकजण कॅरिबियन वंशाचं होतं. पोलिसांनी काही जणांना स्टेडियमबाहेर काढलं. ते आवाज आजीच्या मायेचे नव्हते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

असो. तर काय सांगत होते..

जानेवारी २०१४ मध्ये गूड्सला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो आता वंशद्वेषाबद्दल उघड बोलत होता, मूळ रहिवाशांच्या इतिहासाबद्दल बोलत होता. आणि त्याच सुमाराला मैदानांवर एक नवीन गोष्ट सुरू झाली. त्याच्याकडे चेंडू आला की हुर्यो.

एकदा नाही, दोनदा नाही. २०१५ मध्ये तर आठवड्यामागून आठवडे. प्रतिस्पर्धी संघाचे हजारो प्रेक्षक, चेंडू गूड्सच्या हातात आला की 'बूऽऽ'. चेंडू सोडला की शांत. पुन्हा आला की पुन्हा.

प्रत्येकाकडे कारण होतं बरं का! कुणी म्हणे तो पडण्याचं नाटक करून फ्री किक मिळवतो. कुणी म्हणे त्याने तेरा वर्षांच्या पोरीला सगळ्या देशासमोर उघडं पाडलं. कुणी म्हणे आम्ही तिकीट काढून आलोय, ओरडायचा आम्हाला हक्क आहे. आणि सगळ्यांचं एक वाक्य समान: यात वंशाबिंशाचा काही संबंध नाही. अंपायरांनी दोनदा सर्वात सचोटीचा म्हणून मतं दिलेला हा खेळाडू. सोळा वर्षं खेळत होता. त्यातली पहिली चौदा वर्षं त्याचं नाटक कुणाला दिसलं नव्हतं.

मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे 'जात काढणे' असा शब्दप्रयोग आहे. एखाद्याने दुसऱ्याची जात काढली, तर तो क्षण निघून जातो. कुणी ऐकलं न ऐकल्यासारखं करतं, कुणी पानाची पिंक टाकायला बाहेर जातं. पण ज्याची काढली तो जर म्हणाला की 'तुम्ही माझी जात काढलीत', तर मात्र खोली एकदम गंभीर होते. 'तूच कशाला जात मध्ये आणतोस?' असं त्यालाच विचारलं जातं. आणि तिथून पुढे घोटाळा करणारा तो.

गूड्सचा गुन्हा तोच होता. तो खेळत होता तोवर सगळ्यांचा होता. त्याने बोट दाखवलं आणि तो परका झाला.

२९ मे २०१५. सिडनीचं एससीजी मैदान, पुन्हा तीच मूळ रहिवाशांच्या सन्मानाची फेरी, समोर कार्लटन. गूड्सने गोल मारला आणि कार्लटनच्या पाठीराख्यांकडे तोंड करून काही पावलं नाचला. शेवटी भाला फेकल्याचा आविर्भाव. 'फ्लाइंग बूमरँग्ज' नावाचा मूळ रहिवासी मुलांचा सोळा वर्षांखालचा संघ आहे, त्या मुलांकडून तो हे नृत्य शिकला होता. सन्मानाच्या फेरीत आपल्या समाजाचं नृत्य करायचं नाही तर कधी करायचं? पण काहींना त्या नसलेल्या भाल्याची भीती वाटली. शेजारच्या न्यूझीलंडचा रग्बी संघ दर सामन्याआधी हाका करतो, तेव्हा याच देशात लोक कौतुकाने मोबाइल वर धरतात. तेव्हा कुणाला भीती वाटत नाही.

हुर्यो आणखी वाढली. जुलैच्या शेवटी पर्थला वेस्ट कोस्टविरुद्धच्या सामन्यात ती इतकी होती, की त्याचा सहकारी लुइस जेटाने गोल मारल्यावर त्याच्यासाठी म्हणून तेच नृत्य केलं. त्यानंतर गूड्सने क्लबकडे सुट्टी मागितली. पुढचा सामना तो खेळला नाही.

तो न खेळलेला सामना मी पाहिला. १ ऑगस्ट २०१५, एससीजी, समोर ॲडलेड. आजोबांना दोन तिकिटं मिळाली होती आणि त्यांचा मुलगा गावाला गेला होता, म्हणून मी. थंडी मरणाची. लोकांनी पाठीवर ३७ लिहिलेलं काय काय घातलं होतं. जुन्या जर्सी, घरी शिवलेले आकडे, पुठ्ठ्यावर रंगवलेले. तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला (तीन आणि सात, म्हणजे ३७) सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं. खेळ चालूच होता. खेळणाऱ्यांपैकी कुणासाठीही त्या टाळ्या नव्हत्या.

आजोबांनी टाळ्या वाजवल्या, पण ते खूश नव्हते. घरी येताना बसमध्ये म्हणाले, याची गरजच पडायला नको होती. आणि मग पूर्ण रस्ता गप्प.

गूड्स पुढच्या आठवड्यात परतला, मोसम संपेपर्यंत खेळला. १९ सप्टेंबरला स्वान्स बाद फेरीत नॉर्थ मेलबर्नकडून हरले आणि त्याच रात्री, ड्रेसिंग रूममध्ये, त्याने सहकाऱ्यांना सांगितलं की आता बस. इथे प्रथा अशी, की त्या वर्षी निवृत्त झालेले मोठे खेळाडू अंतिम सामन्याच्या दिवशी एमसीजीवर मैदानाला एक फेरी मारतात आणि प्रेक्षक त्यांना निरोप देतात. गूड्स गेला नाही. त्या मैदानावरच्या लाखभर लोकांनी आपल्याकडे बघून काय केलं असतं, याची खात्री कोण देणार होतं?

आपल्याकडे साध्या कारकुनालाही निरोप समारंभ असतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, बटाटेवडा. ३७२ सामने खेळलेला माणूस तेवढंही न घेता घरी गेला.

मग चार वर्षं गेली. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्या शेवटच्या मोसमांवरचा 'द फायनल क्वार्टर' हा माहितीपट आला. नवीन चित्रीकरण नाही, नवीन मुलाखती नाहीत, फक्त त्या वेळच्या बातम्या आणि चर्चा एकापुढे एक लावलेल्या. तो प्रदर्शित होण्याच्या सुमाराला एएफएलने आणि सगळ्या अठरा क्लबांनी मिळून गूड्सची बिनशर्त माफी मागितली. त्याच्यावर झालं ते वंशद्वेषातून झालं आणि आम्ही त्याच्या पाठीशी वेळेवर उभे राहिलो नाही, असा त्याचा मथितार्थ.

या देशाला माफीचा अनुभव आहे. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत स्टोलन जनरेशन्सची माफी मागितली होती. तेव्हा मी ऑफिसात होते आणि काम थांबवून सगळे टीव्हीसमोर उभे होते. कित्येक जण रडत होते. गूड्सच्या घरात म्हणजे दोन माफ्या आल्या. आईच्या बालपणाबद्दल एक, मुलाच्या शेवटच्या मोसमांबद्दल एक. दोन्ही खऱ्या मनाने मागितलेल्या असतील. दोन्ही उशिरा आल्या.

जानेवारी २०२१ मध्ये त्याच एससीजीवर भारताचा कसोटी सामना होता. मोहम्मद सिराज सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करत होता, प्रेक्षकांतून त्याला शिव्या येत होत्या. चौथ्या दिवशी तो सरळ चालत अंपायरकडे आला आणि त्याने प्रेक्षकांकडे बोट दाखवलं. खेळ काही मिनिटं थांबला, सहा जणांना बाहेर काढलं गेलं. कर्णधार आपला अजिंक्य रहाणे. सिराजने नंतर सांगितलं, की अंपायरांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता; पण आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही खेळणार, असं रहाणे म्हणाला. ते दृश्य टीव्हीवर बघताना मला गूड्सचंच बोट दिसलं. फरक एवढाच, की सिराजच्या बाजूला त्याच क्षणी अख्खा संघ गोळा झाला, आणि पुढच्या सामन्यात कुणी त्याची हुर्यो उडवली म्हणून त्याला सुट्टी मागावी लागली नाही. मधल्या आठ वर्षांत काही बदललं असेल तर त्यात गूड्सने मोजलेली किंमत आहे, असं मला वाटतं.

आणि मग २०२१ चा जून. एएफएलने जाहीर केलं, की गूड्सला 'हॉल ऑफ फेम'मध्ये घ्यायचं ठरलं होतं, पण त्याने नम्रपणे नकार दिला. त्याचा खेळाशी आता तसा संबंध राहिलेला नाही. एएफएलने पुन्हा एकदा माफी मागितली.

इथे बरीच चर्चा झाली. माफी मागितली ना, मग आता काय? मोठ्या मनाने सन्मान घ्यायला हवा होता, वगैरे.

मला माझ्या बाबांची आठवण झाली. बाबा साताऱ्याला एका सरकारी कचेरीत होते. तिथले एक साहेब एका शिपायाची उठता-बसता जात काढत. बाबांनी लेखी तक्रार केली. साहेबांचं काही झालं नाही, पण बाबा 'तक्रारखोर' ठरले. बढती पुढे ढकलली गेली, डब्याच्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले. समारंभाच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. आठवड्याने शाल आणि नारळ घरी पोचवायला माणूस आला. बाबांनी त्याला चहा दिला, नारळ ठेवून घेतला, शाल परत पाठवली. आई म्हणाली, अहो, घ्यायची होती, एवढं काय? बाबा म्हणाले, मला थंडी वाजत नाही.

यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२०२१ मध्ये व्हिडिओ कॉलवर मी त्यांना गूड्सची ही सगळी गोष्ट सांगितली. मुलगी, हुर्यो, भाला, माफी, नकार. एक्याऐंशी वर्षांचे होते तेव्हा. शांतपणे ऐकलं. मला वाटलं नकाराबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "मग आता पोटापाण्याला काय करतो तो?"

प्रश्न बरोबर होता. माणूस नाकारून घरी बसला, की त्याच्यापुढेही काही केलं?

तर केलं. खेळत असतानाच, २००९ मध्ये, त्याने सहकारी मायकल ओलॉफलिनबरोबर 'गो फाउंडेशन' सुरू केलं होतं. ती संस्था मूळ रहिवासी मुलामुलींना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते. निवृत्तीनंतर तो मूळ रहिवाशांच्या मालकीच्या उद्योगांना मोठी कामं मिळवून देण्याच्या व्यवसायात पडला. २०२१ मध्येच त्याने एली लेंगबरोबर लहान मुलांसाठी पुस्तकांची एक मालिका सुरू केली. इथली जमीन आधी कुणाची होती, हे अगदी चार-पाच वर्षांच्या पोरांना कळेल अशा भाषेत सांगणारी. तेरा वर्षांची होईपर्यंत थांबायचं नाही, असंच त्याने ठरवलं असावं.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग बरं आहे."

मला विचाराल तर माफी मागणाऱ्याने ती मागावीच, उशीर झाला तरी मागावी. पण ती घेऊन काय करायचं हे ज्याला लागलं त्याने ठरवायचं. शाल अंगावर घेऊन फोटो काढून दिला, की देणाऱ्यांना हायसं वाटतं आणि गोष्ट मिटते. गूड्सने गोष्ट मिटू दिली नाही. त्यात राग असेलच असं नाही. बाबांच्यात तर मला कधीच राग दिसला नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांना मात्र अजून वाईट वाटतं. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव असायला हवं, असं ते म्हणतात, आणि लगेच म्हणतात, पण त्याचं बरोबर आहे.

गूड्स सिडनीतच राहिला. २०१६ मध्ये लग्न केलं, २०१९ मध्ये मुलगी झाली. आणि निवृत्तीनंतर तो पुन्हा खेळायला लागला, पण फूटी नाही. लहानपणीचा सॉकर, हौशी संघातून. तिथे तिकीट नसतं. चेंडू त्याच्याकडे आला, की त्याच्याच संघातलं कुणीतरी 'पास दे' म्हणून ओरडत असेल, तेवढाच काय तो आवाज.